कापूस, लोखंड आणि भोयर मॅडम

मी शाळेत रुजू व्हायला आलो त्या सकाळी माझ्या पुढ्यात एक बटाटा आणि एक लिंबू एकदमच येऊन पडले. डोकं थोडक्यात वाचलं. वर पाहिलं, तर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एक ठेंगण्या बाई कठड्यावरून वाकून खाली बघत होत्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना पोरांची डोकी लटकली होती.

"हलू नका जी!" बाई वरून ओरडल्या. "आवाज किती आले? एक का दोन?"

पहिलाच दिवस, हातात नेमणुकीचा कागद, नवी इस्त्री. नमस्कार करावा की बटाटा उचलावा हे मला कळेना. मी म्हणालो, "एक."

"पक्कं?"

"पक्कं."

"पाहा रे पोट्टेहो! बाहेरचा माणूस सांगून राह्यला. हा काही माह्या पगारावर नाही." आणि मग मला उद्देशून, "सर, तेवढा लिंबू वर आणा. बटाटा राहू द्या, तो फुटला असन."

माझी आणि भोयर मॅडमची ओळख अशी झाली. राळेगाव तालुक्यातल्या एका मोठ्याशा गावातली ही आमची शाळा, बारावीपर्यंतची. मी मराठी शिकवायला आलो होतो आणि लता भोयर तिथे माझ्या कितीतरी आधीपासून विज्ञान शिकवत होत्या. त्या शिकवायच्या पुष्कळ, पण त्यांचा जीव गुंतला होता एकाच गोष्टीत. वस्तू पडते कशी, किती वेळात पडते आणि जमिनीवर आदळते तेव्हा तिचा वेग किती असतो. त्यांच्या पर्समध्ये पैसे कमी आणि टाकायच्या वस्तू जास्त असायच्या. एक नट, दोन काचेच्या गोट्या, सुपारी, पेन्सिलीचा तुकडा. स्टाफरूममध्ये बोलता बोलता त्या टेबलावरून काहीतरी खाली टाकायच्या आणि कान टवकारायच्या. आमचे मुख्याध्यापक त्यांच्यासमोर चहाचा कप कधीच टेबलाच्या कडेला ठेवत नसत.

घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. सेकंद मोजायचा तो तोंडाने. "एक पऱ्हाटी, दोन पऱ्हाटी," असं म्हणायचं. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. हा शब्द नीट ठासून म्हटला की बरोबर एक सेकंद होतो, असा त्यांचा दावा होता, आणि वर्गातल्या एकूण एक पोराच्या घरी पऱ्हाटी असल्यामुळे शब्द विसरायची भीती नव्हती. पुढचा हिशेब त्याहून सोपा. "पडली वस्तू का दर पऱ्हाटीले दहा-दहानं स्पीड वाढवत जा. एक पऱ्हाटी, दहा मीटर सेकंदाले. दोन पऱ्हाटी, वीस. पुस्तकात नऊ दशांश आठ लिहिलं हाय ना? नऊ दशांश आठ हे बोर्डाचं. दहा हे आपलं."

मग त्या मीटरचे किलोमीटर करायच्या, कारण मीटरमध्ये सांगितलेली गोष्ट पोरांच्या अंगाला लागत नाही हे त्यांना माहीत होतं. "वीस मीटर सेकंदाले म्हणजे तासाले बहात्तर किलोमीटर. आपली एसटी कधी गेली का बहात्तरनं? मंग एसटीपेक्षा गोटा बरा. डायवर नाही, डिझेल नाही, अन् टायमावर पोचते." पोरं खिदळायची. मधल्या सुट्टीत एखादा कडुलिंबाच्या फांदीवरून उडी मारताना दिसला, की मॅडम गॅलरीतून गरजायच्या, "एका पऱ्हाटीत माह्या स्कूटीची स्पीड येते रे! स्कूटीले येऊन धडकता का? मंग उड्या कायले मारता?"

माझ्या विषयालाही त्यांनी सोडलं नाही. एकदा मी शेजारच्या वर्गात एका कवितेतल्या आसवांबद्दल फार कळवळून बोलत होतो. पोरी गंभीर झाल्या होत्या. माझा आवाजही थोडा भरून आला होता, हे कबूल करतो. तास संपल्यावर मॅडम दारातच उभ्या.

"सर, तुमच्या त्या बाईचे आसू कुठवर पडले? गालावर थांबले का जमिनीवर?"

"जमिनीवर," मी तोऱ्यात म्हणालो.

"म्हणजे पाच फूट धरा." त्यांनी डोळे मिटून ओठ हलवले. "साडेपाच मीटर सेकंदाले. तासाले वीस किलोमीटर. सर, माणसाचं दुःख सायकलीच्या स्पीडनं पडते जी!"

मी चिडलो. चांगला आठवडाभर त्यांच्याशी धड बोललो नाही. पण खरं सांगायचं तर तेव्हापासून ती कविता शिकवताना माझ्या डोळ्यांपुढे सायकल येते आणि आवाज भरून यायचा तो येत नाही.

आमच्याच एका शिपायाच्या भावाच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो, तेव्हाची गोष्ट तर गावाने बरेच दिवस चघळली. नवऱ्या मुलाच्या बापाने सोयरिकीच्या वेळी छाती ठोकून सांगितलं होतं, की आमच्या विहिरीला चैतातही वीस फुटांवर पाणी असतं. मॅडमना यातलं काही ठाऊक नव्हतं. मांडव मुलाच्याच दारी होता; त्यामागे ती विहीर दिसल्यावर त्या सरळ तिकडे गेल्या, पदर खोचला आणि काठावरून आत वाकल्या. मागून नवरीच्या मावशीने ते पाहिलं. तिने जी किंकाळी फोडली ती वाजंत्रीच्या वरताण होती. धावत येऊन तिने मॅडमच्या कमरेला मिठीच घातली.

"अवं माय, असं कायले करता वं बाई? काय दुःख हाय तुमाले?"

"दुःख काही नाही वं! सोड मले, मोजून राह्यली ना!" असं म्हणत मॅडमनी तशा मिठीतच हातातला खडा सोडला. "एक पऱ्हाटी, दोन पऱ्... डुबुक!" आणि मग अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "पावणेदोन सेकंद. पाणी पन्नास फुटावर हाय!"

नवरीकडची चार माणसं एकदम वळली. मुलाचा बाप आमच्याकडे असा बघू लागला, की मी मॅडमना दंडाला धरून पंगतीत नेऊन बसवलं आणि त्यांच्या ताटात जिलबी वाढायला सांगितली. त्या जेवता जेवताही म्हणत होत्या, "पण पन्नासच हाय ना सर!"

अशा या बाईला एका गोष्टीची मात्र जबर भीती होती. शिडी. गॅलरीपर्यंत त्या जिन्याने जात, कारण जिन्याला भिंत असते. पण साध्या स्टुलावर चढायचं म्हटलं की त्या मागे सरायच्या. पंख्याला अडकलेला पतंग काढायला त्यांनी माझ्यासारख्या स्थूल माणसाला टेबलावर चढवलं होतं. "वरून पडल्यावर काय होते, ते मले तुमच्यापेक्षा जास्त माहीत हाय," हे त्यांचं त्यावरचं उत्तर. मागच्या उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या आणि यवतमाळला लेकीकडे राहायला गेल्या. त्यांची आठवण निघाली की मला पहिल्यांदा आठवते ती पाण्याच्या टाकीची गोष्ट. त्या दिवशी त्यांच्या शिडीच्या भीतीपायी टाकीवर मला चढावं लागलं होतं.

साक्षी डंभारे नावाची मुलगी आमच्याकडून दहावी झाली. हुशार होती, पण वर्गात हुशारी मिरवणारी नव्हती. भोयर मॅडमच्या हाताखाली अकरावी सायन्स करायचं, हे तिने कधीचं ठरवलेलं. निकाल लागला आणि दोन दिवसांनी तिचे वडील शामराव शाळेत आले. ते पेढे घेऊन आले असतील असं आम्हाला वाटलं. ते भांडायला आले होते.

"मॅडम, तुमी माह्या पोट्टीले काय शिकोलं? किलोभर कापूस अन् किलोभर लोखंड संगच खाली पडते म्हने?"

"पडते," मॅडम म्हणाल्या.

"मी जलमभर कापूस येचला, वाह्यला, गाडीवरून फेकला. मले कापूस शिकवता का?" शामरावांचा आवाज चढला. "लोखंड पडन, मी चहा पिऊन येईन, मंग तुमचा कापूस येईन. ज्या शाळेत असं खोटं शिकवते, त्या शाळेत माह्यी पोट्टी सायन्स नाही करनार. नेरले तिची आत्या हाय. तिच्यापाशी राहून आर्ट्स करन."

साक्षी दाराशी उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. मॅडमनीही तिकडे पाहिलं आणि तिथेच पैज लागली. गावच्या पाण्याच्या टाकीवरून पाच किलोचं लोखंडी माप आणि पाच किलो कापूस एकदम सोडायचा. आवाज एक आला तर साक्षी सायन्सला, दोन आले तर नेरला. शामरावांनी लगेच हो म्हटलं. मॅडम तर त्यांच्याही आधी हो म्हणाल्या होत्या. हा प्रयोग त्यांनी गॅलरीतून किती वेळा केला असेल याची गणती नव्हती आणि दर वेळी आवाज एकच आला होता.

मला आपली शंका आली. "मॅडम, गॅलरी कुठे आणि टाकी कुठे! चाळीस फूट आहे ती."

"उंचीनं काय फरक पडते जी? नियम तो नियम."

कापूस शामरावांनी घरून आणला. चांगला भाव येईल म्हणून पुष्कळांच्या घरात मे महिन्यापर्यंत कापूस पडून असतो, तसा त्यांच्याही घरी होता. मॅडमनी निरोप धाडला होता, की कापूस गच्च दाबून बांधा. पण कापूस दाबून चारचौघांसमोर न्यायचा, हे कापूसवाल्याच्या रक्तातच नाही. दाबलेला कापूस म्हणजे ओला, नाहीतर कवडी, म्हणजे किडका कापूस, मिसळलेला, असा लोकांना संशय येतो. शामरावांनी तो उलट उन्हात घालून, हाताने मोकळा करून, छान फुलवून आणला. गाठोडं झालं हे एवढं मोठं आणि त्याला बांधलेल्या जुन्या चादरीचे चारही कोपरे सशाच्या कानांसारखे वर. मॅडमनी ते पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "कापूस लय सुंदर हाय जी." बस, एवढंच. त्यांना त्यात काही खटकलं नाही.

उन्हं कलल्यावर टाकीखाली अर्धं गाव गोळा झालं. सरपंचांनी टाकीचं फाटक उघडून दिलं. झाडाचं पानही हलत नव्हतं. मॅडमनी शिडीकडे एक नजर टाकली आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी समजलो. पण मी चढण्याआधी त्यांनी आपला नेहमीचा प्रश्न सगळ्यांना विचारला.

"सांगा पोट्टेहो, आवाज किती येईन?"

"एक!" शाळेची सगळी पोरं ओरडली.

"दोन," एक बारीक आवाज आला. साक्षीचा होता.

मॅडमना वाटलं, पोरगी घाबरून चुकली. त्या तिच्याजवळ गेल्या. "काय म्हणली बेटा?"

"दोन येईन मॅडम." साक्षीची मान खाली होती, पण ती थांबली नाही. "मी करून पाह्यलं. गॅलरीतून टाकलं तं लोखंड तीन-चार बोटं पुढं राह्यते, म्हणून आपल्याले आवाज एकच वाटते. मंग मी शाळेच्या कडुलिंबावरून टाकलं. तिथून वीतभर पुढं राह्यलं. माह्या मैत्रिणीच्या, दीपालीच्या, मोबाईलवर शूटिंग करून पाह्यलं, हळू चालवून. उंची दुप्पट केली तं फरक चौपट झाला. टाकी लिंबाच्या दुप्पट हाय. इथून दोन हात फरक पडन."

"तू लिंबावर चढलती?" शामराव मध्येच ओरडले. मग त्यांच्या लक्षात आलं, पोरगी काय बोलली ते. त्यांचा चेहरा अगदी गोंधळून गेला. "अवं, पन दोन आवाज आले तं तुले नेरले जा लागते ना! तू कोनाच्या बाजूनं हायेस?"

साक्षीचे डोळे भरले होते. "मले सायन्सच करायचं हाय बाबा," ती म्हणाली. "पण येईन तं दोनच."

मी मॅडमकडे पाहिलं. त्या एरवी कधी न दिसलेल्या शांतपणे उभ्या होत्या. मला वाटलं, आता काहीतरी निमित्त काढून हे थांबवावं. गाठोडं पुन्हा बांधा म्हणावं, उद्या करू म्हणावं. मुलीचं आयुष्य असं सुतळीला टांगायचं म्हणजे काय! मी तसं हळूच म्हणालोही.

"चढा सर," मॅडम म्हणाल्या. "आता तं पाहाच लागते."

ती शिडी मी कसा चढलो ते मला विचारू नका. पाणी सोडणारा गणपत पुढे होता, म्हणून मी वर पोचलो. गणपतने दोरखंडाने ओझं वर ओढून घेतलं. माप आणि गाठोडं एकाच सुतळीच्या दोन टोकांना बांधून, बरोबरीने कठड्याबाहेर लोंबकळत ठेवलं. सुतळी मधोमध कापली की दोन्ही एकाच क्षणी सुटणार, ही मॅडमची युक्ती. खाली माणसं बाहुल्यांएवढी दिसत होती. त्यात साक्षीची पिवळी ओढणी तेवढी मला नीट ओळखू येत होती. गणपतने विळा लावला.

मी वरून पाहत होतो. सुरुवातीला दोघं अगदी जोडीने निघाले आणि माझ्या तोंडून आनंदाने "अरे वा!" निघालंसुद्धा. पण अर्ध्या वाटेवर चादरीचे कोपरे फडफडले, गाठोडं जरा अडखळल्यासारखं झालं आणि माप पुढे निघालं. आधी धाड, आणि लगेच मागे धप्प. फार अंतर नव्हतं, पण आवाज दोन होते. बहिऱ्यालाही कळले असते.

मला खरोखर रडू आलं. एका गाठोड्यापायी ही पोर आता नेरला जाणार, असं वाटून त्या कापसाचा, शामरावांचा, भोयर मॅडमच्या हट्टाचा मला भयंकर राग आला. तेवढ्यात खालून आरोळी आली. पाहतो तर काय, मॅडमनी साक्षीला दोन्ही खांद्यांना धरलं होतं आणि त्या तिच्यासकट गोल गोल फिरत होत्या.

दीपालीने खालून हे सगळं शूट केलं होतं. मी धापा टाकत उतरलो, तोवर मॅडमनी तिचा मोबाईल सगळ्या गावाच्या नाकापुढे नाचवायला सुरुवात केली होती. "हे पाहा, दोन हात! वीत इकडं नाही का तिकडं नाही. पोट्टीनं सांगितलं तेवढंच! माह्यं चुकलं जी, माह्यं साफ चुकलं. हवा अडवते. जसजशी स्पीड वाढते तसतशी जास्त अडवते. पुस्तकात लिहिलं हाय, हवा नसली तं दोन्ही संगच पडते. ते हवेचं वाक्य मी बोलता बोलता खाऊनच टाकलं होतं. पोट्टीनं शोधून काढलं!"

शामराव कमरेवर हात ठेवून उभे होते. जिंकलेल्या माणसाचा आनंद त्यांच्या तोंडावर कुठे दिसेना.

"मॅडम, तुमी हारल्या ना?"

"हारली."

"मंग नाचून कायले राह्यल्या?"

"नाचू नको तं काय करू? शिष्य पुढं गेला माह्या!" मॅडमनी पदराने घाम पुसला. "अन् तुम्ही काय म्हणलं होतं शामरावभाऊ? चहा पिऊन याल मंग कापूस येईन? प्याले का चहा?"

लोक हसले. शामरावांनाही हसू आवरलं नाही. ते गाठोड्यापाशी गेले, उकिडवे बसले आणि सुटलेला कापूस चादरीत भरू लागले. बराच वेळ भरत राहिले. मग वर न बघताच म्हणाले, "मी पैज जितलो. आता पोट्टीले कुठं धाडायचं, ते मी ठरवीन."

"तुम्हीच ठरवा," मॅडम म्हणाल्या.

"माह्या समोर हजार लोकायनं चूक केली असन. चुकलो म्हननारा एक नाही भेटला." शामरावांनी गाठ मारली आणि उभे राहिले. "अन् माह्यी पोट्टी तुमच्यापाशी शिकून सोताच्या नुकसानीचं खरं बोलते. नेरले कोन शिकवन हे तिले? राहू द्या इथंच."

साक्षीने तिथेच वडिलांच्या कमरेला मिठी मारली. त्या गडबडीत कापूस पुन्हा सांडला. या वेळी तो शामरावांनी उचलला नाही.

परतताना मी मॅडमच्या स्कूटीवर मागे बसलो होतो. न राहवून मी म्हणालो, "गावासमोर हरलात. थोडं तरी वाईट वाटलं असेल ना?"

त्यांनी स्कूटी रस्त्याच्या कडेला थांबवली. वळून माझ्याकडे पाहिलं, तर गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तोंडभर हसू होतं.

"सर, इतकी वर्षं सगळे पोट्टे माह्यं ऐकत आले. मी म्हणली एक, का ते म्हणत एक. मी म्हणली दहा, का ते लिहीत दहा. आज पह्यल्यांदा कोणीतरी ऐकलं नाही जी. तपासून पाह्यलं."